वेगळा कप : एकसष्ट अंश

इंगळे सर कोणत्याही वस्तूला तळहात लावत नसत, हाताची पाठ लावत. वर्गात शिरले की आधी दाराच्या लोखंडी कडीला, मग भिंतीला, मग पहिल्या बाकाला, असा उलटा हात टेकवत टेकवत ते फळ्यापर्यंत पोचायचे. आम्हाला वाटायचं, नवीन सर जरा सटकलेले आहेत. सातवीच्या पहिल्याच आठवड्यात असेच बाकांना हात लावत येताना त्यांनी माझ्या कपाळालाही हात टेकवला आणि म्हणाले, "पोरी, तुले ताप हाये. शाळेत काहून आली?" मी म्हटलं, "नाही सर, ऊन लागलं." तर म्हणाले, "उनाचा ताप कातडीवर असते. तुझा आतून येऊन राह्यला. जाय घरी." घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत अंग फणफणलं. तीन दिवसांनी परत आले तर त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं, "मी हाताची पाठच काहून लावतो? तळवा काहून नाई?" मग स्वतःच म्हणाले, "अबे, तळव्यावर घट्टे असतात. आपापल्या मायबापाचे हात पाहा घरी जाऊन. घट्ट्याले गरम-थंड उशिरा समजते. पाठ नाजूक असते, ती लवकर सांगते."

गेल्या महिन्यात सर गेले. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली आणि तिच्या खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'आदर्श शिक्षक हरपला.' 'गावाचं भाग्य म्हणून असे गुरुजी लाभले.' फुलं, पणत्या, पुन्हा हात. ज्यांनी या माणसाला गावातून घालवलं, त्यांच्याच अंगठ्यांनी टाकलेली ती फुलं होती. मी एकेक नाव वाचत गेले आणि कानशिलं तापत गेली. तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. मी काही लेखिका नाही. आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे, बी.एस्सी. झालेली, अमरावतीत माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि हे सांगताना माझी मान ताठ असते. जे झालं ते आलं तसं लिहीन. 'आलं तसं' हे शब्द सरांचेच आहेत, ते पुढे येतीलच.

आमचं गाव हिवरखेडच्या अलीकडचं. सरांचं घर अकोल्याला. ते हिवरखेडात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी अकोल्याला जायचे. ठेंगणे, सावळे, शर्टाची बाही नेहमी कोपरापर्यंत दुमडलेली. बाकी मास्तरांच्या खिशाला पेन असायचा. यांच्या खिशात कापसात गुंडाळलेला थर्मामीटर असायचा, लांबट प्लॅस्टिकच्या नळीत ठेवलेला. पोरं त्यांना मागून 'डिग्री सर' म्हणायची. एकदा गजानन फळ्यामागे उभा राहून म्हणत होता, "आला रे डिग्री आला," तर सर दारातूनच म्हणाले, "किती डिग्री आला ते बी सांग ना बे. नुसतं आला काय सांगतं?"

उष्णतेचा धडा पुस्तकात अडीच पानांचा होता. आधीच्या बाईंनी तो वरच्या वर्गाला एका तासात वाचून दाखवला होता. सरांनी महिना लावला. मुख्याध्यापक एकदा वर्गाच्या दारात येऊन आमच्यासमोरच म्हणाले, "इंगळे, अडीच पानाचा धडा हाये."

"पानं अडीचच हायेत, सर. ऊन चार महिने हाये."

आमचा वर्ग टिनाचा. एप्रिलात सकाळची शाळा असली तरी नऊनंतर वरून आग यायची, वह्यांवर घामाचे ठसे उमटायचे. सर म्हणायचे, पुस्तकात लिहिलंय त्यावर विश्वास ठेवा, पण हात लावून पाहा, कारण "पुस्तकाले चटका बसत नाई." त्यांनी एक पितळी पळी आणली, तिच्या दांडीला मेणाने पाच हरभरे ओळीत चिकटवले आणि पळीच्या टोकाखाली मेणबत्ती धरली. आम्ही सगळे बाक सोडून भोवती. पहिला हरभरा पडला, टाळ्या. दुसरा पडला, टाळ्या. तिसऱ्याला वेळ लागला तर गजानन ओरडला, "पड ना बे!"

"हरभरा काहून पडला?" सरांनी विचारलं.

"मेण वितळलं, सर."

"मेण काहून वितळलं?"

"दिव्यानं."

"हा शेवटचा हरभरा त्या दिव्यानं पाह्यला बी नाई. त्याचं मेण कोनं वितळवलं?" सर दांडीवरून बोट फिरवत म्हणाले, "या कणानं त्याच्या शेजाऱ्याले ढकललं, त्यानं त्याच्या शेजाऱ्याले. जागा कोनं सोडली नाई, पण खबर पोचली शेवटपर्यंत. याले म्हणते वहन."

मग गोधडीचा प्रयोग. रसवंतीवरून बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले. एक उघड्या ताटलीत ठेवला, दुसरा गोधडीत गुंडाळला. आधी कोणता वितळेल? सगळा वर्ग म्हणाला, गोधडीतला, कारण गोधडी गरम असते. मीही तेच म्हटलं, मोठ्याने. एकटी सुजाता म्हणाली की उघड्यावरचा. ती बौद्ध वस्तीतली, माझ्याच बाकावर बसायची. पोरं हसली. सर म्हणाले, "बत्तीस विरुद्ध एक. हसू नका, इथं मतदान नसते. सुजाता, काहून म्हणतं तू?" ती म्हणाली, "माझा मामा कुल्फी विकते सर, तो डब्याले पोतं गुंडाळते. पोत्यानं जर गरम झालं असतं तर त्याची कुल्फी राह्यली असती का?" अर्ध्या तासाने ताटलीत पाणी होतं आणि गोधडीत बर्फ. सर त्या दिवशी इतके खूश झाले की त्यांनी सुजाताला फळ्यावर स्वतःचं नाव लिहायला लावलं. "गोधडी गरम नसते बे. ती चौकीदार हाये. बाहेरच्याले आत सोडत नाई आन आतल्याले बाहेर."

आता मला त्याआधीची एक गोष्ट सांगावी लागेल. जूनमध्ये सर पटनोंदणीसाठी घरोघर फिरत होते, तेव्हा आमच्याकडे आले. माझे बाबा शाळेच्या समितीवर. वजनदार माणूस, बोलायला गोड. "या, या सर, बसा," म्हणून त्यांनी ओसरीवर खाट झटकून दिली. आईने आतून चहा पाठवला. बाबांचा चहा रोजच्या स्टीलच्या पेल्यात होता. सरांना ओसरीवरच्या कोनाड्यातला कप दिला. जाडजूड पांढरा कप, निळी पट्टी असलेला, काठावर एक टवका उडालेला. सरांनी चहा घेतला, याद्या लिहिल्या, आणि उठताना अंगणातल्या टाक्यावर जाऊन तो कप स्वतः विसळला, कोनाड्यात पालथा ठेवला. आई आतून म्हणाली, "राहू द्या ना सर," पण घ्यायला बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत मैत्रिणींना सांगितलं, "आपले सर किती साधे आहेत, स्वतःचा कप स्वतः धुतात!" सुजाता शेजारीच होती. ती वहीत मान घालून लिहीत राहिली. ते वाक्य आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्या कपाविषयी मला काही माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो कप घरात येत नाही, आमच्यातलं कोणी त्याला तोंड लावत नाही, आमचा सालदार आणि वस्तीतली माणसं आली की तो निघतो, हे मला माहीत होतं. का, ते विचारलं नव्हतं. आपल्याकडे चपला बाहेर ठेवतात तसा तो बाहेर होता. बारा वर्षांच्या पोरीला विचारावंसं वाटू नये, इतका तो जागच्या जागी होता.

तर गोधडीनंतरचा प्रयोग असा होता. सर म्हणाले, "उद्या घरून चहाचं एकेक भांडं आना. स्टीलचा पेला कोन आनते? पितळी गडवा? आन एक जाड चिनीमातीचा कप पाह्यजे." मी हात वर केला. घरी आईला कप मागितला तर ती म्हणाली, फुलाफुलांचा सेट आहे तो फोडायला न्यायचा का, पाहुणे आले तर काय देऊ? मी विचार केला, ओसरीवरचा आहे की, त्याला कोण विचारतं. जाडही तोच आहे. दप्तरात घातला आणि आले.

सरांनी टेबलावर भांडी मांडली. उष्ण पाण्याने सगळी आधी विसळून घेतली, "नाईतर भांडंच पह्यले उष्णता खाऊन टाकते, मंग हिशेब चुकते." ते एकेका भांड्याला हाताची पाठ लावत पुढे सरकत होते. माझ्या कपापाशी हात थांबला. त्यांनी कप उचलला, फिरवला, आणि अंगठा बरोबर त्या टवक्यावर जाऊन टेकला.

"कोनं आनला?"

"मी, सर."

"घरातला?"

"ओसरीवरच्या कोनाड्यातला, सर."

गजानन मागून म्हणाला, "अबे, हे काय आनलं इनं! हा तर त्यायचा वेगळा कप हाये, गडीमाणसायचा. आमच्या घरी बी हाये एक!" दोन-तीन जण हसले आणि मध्येच थांबले. वस्तीतली सहा पोरं होती वर्गात. सुजाताने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात जूनमधली ती ओसरी उजळली: बाबांच्या हातातला पेला, सरांच्या हातातला हा कप, टाक्यावर वाकलेली त्यांची पाठ.

सर ओरडले नाहीत. भाषण दिलं नाही. अशा वेळी माणूस काहीतरी मोठं बोलेल असं तुम्हाला वाटत असेल, पण त्यांनी पाणी ओतलं. एकेका मिनिटाच्या अंतराने ओतलं, म्हणजे एकाच थर्मामीटरवर सगळ्यांची पाळी येईल. वर पुठ्ठ्याची झाकणं ठेवली. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "रीडिंग तू घे, पोरी. तुझा कप हाये." मी थर्मामीटर धरला. मी वाचत गेले, ते फळ्यावर लिहीत गेले:

स्टीलचा पेला : त्रेपन्न अंश
पितळी गडवा : बावन्न अंश
वेगळा कप : एकसष्ट अंश

'चिनीमातीचा कप' नाही. 'वेगळा कप.' शांतपणे, गोल वळणदार अक्षरात. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं, बत्तीस विरुद्ध एक असं काही न करता, सगळ्यांनी. मग ते फळ्याकडे पाहत एवढंच म्हणाले, "जाड हाये. आत काय चाललं ते बाहेर समजू देत नाई."

गजाननने घरी जाऊन गंमत म्हणून सांगितलं. गंमत पारावर पोचली, पारावरून आमच्या ओसरीवर. बाबांनी माझी वही मागितली. ते चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर अक्षर लावून वाचायचे. "वे-ग-ळा क-प," त्यांनी वाचलं, आणि वही माझ्या मांडीवर टाकली.

"हे कोनं लिह्यलं?"

"फळ्यावर होतं, बाबा."

"हा मास्तर पोरायच्या डोक्यात जात भरून राह्यला!"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे, आणि इतक्या वर्षांनीही ते लिहिताना माझा पेन कागदात रुततो आहे. कप आमचा. कोनाडा आमचा. तो बाहेरच राहील हा नियम आमचा. शिकल्यासवरल्या सरकारी मास्तराच्या हातात तो देताना कोणाचा हात अडखळला नाही. आणि जात भरली कोणी? ज्याने त्या कपात थर्मामीटर घातला त्याने! चोराने 'चोर' म्हणून ओरडावं तसं सगळं गाव ओरडलं. समितीने तक्रार लिहिली: अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवतात, गावातलं वातावरण बिघडवतात, मुलांना घरची भांडी आणायला लावून घरांची बदनामी करतात. ज्यांना पोरांच्या वर्गाचं टिन तापतं याची तक्रार कधी सुचली नाही, त्यांना ही तक्रार एका बैठकीत सुचली. बाबांनी मला पेन दिला आणि वहीतली ती ओळ खोडायला लावली. मी खोडली.

मुख्याध्यापकांनी मिटवायचा प्रयत्न केला. "इंगळे, चार ओळी माफीच्या लिहून द्या, मिटते विषय."

"काय लिहू, सर? कप एकसष्ट नव्हता असं लिहू?"

मग चौकशीला साहेब आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत पंख्याखाली बसले. एका बाजूला समिती, तिच्यात बाबा. सर भिंतीशी उभे. मला बोलावलं. आदल्या दिवशीपासून बाबा घोकून घेत होते, "साहेब इचारतील तेवढंच बोलायचं. लांबण लावायचं नाई." साहेबांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "सरांनी कप आणायला सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "हो."

"बस. जा."

खोटं काय बोलले होते मी? कप आणायला सांगितलंच होतं. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी थांबले, एक श्वासभर, आणि बाबांकडे पाहिलं. साहेबांनी तोवर लिहून टाकलं होतं. सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, वर्गात मी पाऱ्याचा आकडा वाचल्यावर हलवायचे तशीच.

बाहेर सुजाता उभी होती. "काय बोलली तू?"

"त्यांनी विचारलं, कप आणायला सांगितलं होतं का. मी हो म्हटलं."

"आन मंग?"

"तेवढंच विचारलं त्यांनी."

"आन तुले त्याच्यापुढं बोलता येत नाई?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या बाकावर बसली नाही. मी तिला दोष देत नाही.

सरांची बदली बाळापूरकडे झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी निरोपाचा कार्यक्रम करू दिला नाही. समितीनेच हार आणला होता, तो टेबलावर राहिला. "धडा अर्धा हाये," म्हणाले आणि प्रारण शिकवायला घेतलं. "वहनाले शेजारी लागते. अभिसरणाले वाहनारी हवा नाईतर पाणी लागते. प्रारणाले मधात काईच लागत नाई. सूर्य किती लांब हाये, मधात सगळं रिकामं. तरी चटका बसते ना?" शिकवत शिकवत ते बाकांमधून फिरले आणि माझ्या वहीपाशी थांबले. खोडलेली ओळ दिसत होती. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रीडिंग खोडायचं नसते, पोरी," ते हळू म्हणाले. "चुकलं वाटलं तर बाजूले लिहायचं, काहून चुकलं ते. पण खोडायचं नाई. आलं तसं ठेवायचं." आणि माझ्या कपाळाला हाताची पाठ टेकवून पुढे गेले.

बाबांविषयी आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर तेही खोडल्यासारखं होईल. बारावीनंतर सगळे नातेवाईक माझ्या लग्नाच्या मागे लागले होते, तेव्हा याच बाबांनी मला अकोल्याच्या कॉलेजात घातलं. "माझी पोरगी शिकन," म्हणून भावकीशी भांडले. पदवीच्या निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गावभर फिरले. तोच माणूस, तीच ओसरी, तोच कोनाडा. मला अजून हे जुळवता येत नाही, आणि जुळवण्याची मला घाईही नाही.

निकालाच्याच आठवड्यात अकोल्याच्या बसस्टँडवर मला सर दिसले. केस पांढरे, खिशात थर्मामीटर. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "सरळ उभी राह्य. काय झाली?" मी म्हटलं, "बी.एस्सी., सर. रसायनशास्त्र." त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला रडू आलं. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी..." त्यांनी मला बोलू दिलं नाही. "चहा घेते का?" कँटीनमध्ये काचेच्या ग्लासात चहा आला, धरवेना इतका गरम. दोघांनी ग्लासच्या काठाला बोटांच्या टोकांनी धरून फुंकत फुंकत प्यायला. मध्येच त्यांनी विचारलं, "ते रीडिंग दिसते का अजून?"

"खोडलेलं आहे सर, पण वाचता येतं."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि बाळापूरची बस लागली म्हणून उठले. त्यानंतर त्यांचा पत्ता माझ्याकडे होता, फोन होता, अमरावतीहून अकोला दोन-अडीच तासांवर होतं. मी गेले नाही. कामं होती म्हणण्यात अर्थ नाही. हिंमत नव्हती.

प्रयोगशाळेत मला आखडू म्हणतात. मागे एकदा एका बड्या माणसाच्या शेताच्या मातीचा अहवाल त्यांना हवा तसा आला नाही. वरिष्ठ माझ्या टेबलापाशी येऊन हसत म्हणाले, "मॅडम, आकडा जरा इकडचा तिकडे केला तर माती काही ओरडणार नाही." मी म्हटलं, "साहेब, आलं तसं राहील." ते चिडले, आकडा राहिला. मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि लगेच आठवलं की मातीसाठी जे करता आलं, ते माणसासाठी नव्हतं केलं.

आणि गाव? गाव सुधारलं म्हणतात. आमच्या ओसरीवरच्या कोनाड्यात आता वायफायचा डबा आहे. कप कधी फुटला, कुठे गेला, कोणाला आठवत नाही. आई म्हणते, "आता काही राहिलं नाही वं तसलं." पण दारात कोणी आलं की आतून आधी विचारलं जातं, कोण आहे? त्यावर ठरतं, स्टीलचा पेला की कागदी कप. कागदी कप विसळावा लागत नाही, पालथा ठेवावा लागत नाही, फेकून देता येतो, आणि कोणी काही लिहायला गेलं तर म्हणता येतं, अहो, सोयीसाठी असतो! पण कागद पातळ असतो. घेणाऱ्याची बोटं भाजतात. जुना कप निदान जाड तरी होता.

सर गेल्याची बातमी आली त्या दिवशी त्या ग्रुपवर बाबांनीही फुलं टाकली. मी फोन केला. "बाबा, तुम्ही कशाला टाकली?"

"चांगला मास्तर होता वं. मनापासून शिकवे."

"मग घालवला कशाला?"

"जुनं काय उकरून राह्यली तू?" आणि फोन ठेवला.

त्या रविवारी मी अकोल्याला गेले. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सरांचा फोटो, आणि फोटोपुढे ती प्लॅस्टिकची नळी, आत कापसात थर्मामीटर. सरांच्या पत्नींनी, काकूंनी, चहा टाकला. दोन कप भरले, एक मला, एक त्यांना, दोन्ही एकाच सेटचे. "कोणत्या शाळेतल्या तुमी?" त्यांनी विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. त्यांचा कप ओठांपाशी थांबला.

"ते कपवाली पोरगी... तुमीच का?"

"हो," मी म्हटलं.

त्या दिवशीही मी एवढंच म्हटलं होतं. या वेळी थांबले नाही. म्हटलं, "काकू, सरांनी कप आणायला सांगितलं होतं, पण तो कप सांगितला नव्हता. तो मी निवडला. आमच्या घराने तो सरांसाठी आणि तुमच्या माणसांसाठी बाहेर ठेवला होता. त्यातून सर आमच्याकडे चहा प्यायले होते, आणि स्वतः विसळून ठेवला होता, माझ्या डोळ्यांसमोर. हे मला चौकशीच्या दिवशी माहीत होतं. मी बोलले नाही." हेच मला साहेबांपुढे बोलायचं होतं. हेच इथेही लिहिते आहे, म्हणजे ग्रुपवरच्या फुलांशेजारी कुठेतरी हेही राहील.

काकूंनी फोटोपुढची ती नळी सरळ केली. माझा चहा संपला. मी कप घेऊन मोरीकडे जायला उठले, विसळायला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"बसा तुमी," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी पाहुण्याले कप इसळू देत नाई."

आणि तो त्यांनी मोरीत, बाकीच्या खरकट्या कपांत ठेवला.